बेबीताईचं वय

"मास्तर, राग मानू नका, पण मी चौथीत होतो तवाबी बेबीताई एकोणीस वर्षांच्याच होत्या," रेशनकार्डाचा कारकून म्हणाला, आणि हातातलं पेन तसंच धरून त्यानं वर पाहिलं. त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, उलट चुकीचं काही बोलून गेलो की काय अशी थोडी भीतीच होती. लातूर जिल्हा वेगळा होऊन दुसरा उन्हाळा चालू होता. जुन्या कार्डांवरचं उस्मानाबाद जाऊन नवी कार्डं व्हायची होती, म्हणून कचेरीची माणसं गल्लोगल्ली फिरत होती, आणि त्या दिवशी मिशन कंपाउंडातल्या शाळेच्या वऱ्हांड्यात बाकडं टाकून सिद्धेश्वर बसला होता. याच शाळेत तो शिकला होता, याच शांतवन मास्तरांच्या हाताखाली. आता त्याचं टक्कल पडायला आलं होतं, खिशाला शाईचा डाग होता, आणि त्याला दोन लेकरं असल्याचं मघाशी त्याच्याच बोलण्यातून कळलं होतं. मास्तरांनी आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग काठीवर दोन्ही हात ठेवून घराचा नंबर सांगावा तसं सांगितलं, "मुलगी, तबीथा. वय एकोणीस." ती त्यांच्या खुर्चीमागं उभी होती. गुलाबी फ्रॉक, फुग्याच्या बाह्या, कमरेला साटिनचा पट्टा, दोन वेण्या आणि वेण्यांना लाल रिबिनी. "तुमीच त्यांच्या वाढदिवसाचा केक आमच्या वर्गाला वाटला होता, मास्तर," सिद्धेश्वर हळूच पुढं म्हणाला. "फळ्यावर मोठ्ठं एकोणीस लिहिलं होतं. म्हणाला होता, ह्या आकड्याला कशानंच भाग जात न्हाई. मला आजून याद हाय."

मास्तर चिडतील असं तिला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. ते सिद्धेश्वरच्या डोक्याकडं बघत राहिले, त्या विरळ केसांकडं, आणि "तू चौथीतला ना?" एवढंच म्हणाले. मागं रांगेत उभी असलेली बाई खोकली. सिद्धेश्वरनं घाम पुसला. "वय मी रिकामं ठेवतो. उद्या दुपारपर्यंत बेबीताईंना कचेरीत येऊ द्या. अठराच्या वरच्या माणसाची सही त्याचीच लागती. त्यांनीच सांगावं, त्यांनीच सही करावी." आणि इतका वेळ मास्तरांशी बोलणारा तो माणूस पहिल्यांदाच सरळ तिच्याकडं बघून म्हणाला, "याल न्हवं?" तिनं मान हलवली. शरम वाटली नाही. पायरी आहे असं समजून पाय टाकावा, पायरी नसावी आणि अंगातून एक गार कळ निघून जावी, तसं झालं. त्या कळेतच ती घरी आली, मास्तरांचे बूट काढले, त्यांना माठातलं अर्धा पेला पाणी दिलं, आणि खिडकीशी बसून हातात सुई घेतली. पण टाका पडेना. ती नुसती आपल्या हाताकडं बघत बसली.

घर तिचं होतं. म्हणजे नाव पप्पांचं, पण घरातली एकही वस्तू अशी नव्हती की जिला तिचा हात लागलेला नव्हता. खुर्च्यांच्या पाठीवर क्रोशाच्या जाळ्या, रेडिओवर जाळी, पाण्याच्या माठावर मणी लावलेली जाळी, पडद्यांना झालरी, उशांच्या अभ्र्यांवर गुलाब आणि कबुतरं. हे सगळं मिशनच्या मिससाहेबांनी शिकवलं होतं. मिससाहेब अमेरिकेला परत गेल्या तेव्हा शिवणाचं मशीन आणि फ्रॉकच्या नमुन्यांचा गठ्ठा ठेवून गेल्या. बाई म्हणजे घराचा सुगंध, असं त्या त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणायच्या. पप्पांनी ते वाक्य घेतलं आणि त्याला स्वतःचं एक जोडलं: मुलगी म्हणजे प्रभूनं बापाजवळ ठेवलेली ठेव, आणि ठेव वापरायची नसते, राखायची असते. म्हणून ती कॉलेजात गेली नाही. नर्सिंगला गेली नाही. बाजारात गेली नाही. रविवारी उपासनेला जायची, पप्पांच्या डाव्या बाजूनं, आणि परत यायची. बुधवारी भगिनी मंडळाच्या बायका घरीच यायच्या. दुपारी कंपाउंडातल्या मुली तिच्याकडं शिकायला बसायच्या, सुई कशी धरायची, वाळूच्या पातेल्यात केक कसा फुलवायचा, पाहुण्यांपुढं आवाज कसा ठेवायचा. त्या मुली मोठ्या व्हायच्या, त्यांची लग्नं व्हायची, कुणी उदगीरला जायची, कुणी बिदरला, कुणी सोलापूरला. मग काही वर्षांनी त्यांच्याच मुली येऊन त्याच पाटावर बसायच्या आणि तिला बेबीताईच म्हणायच्या. हे कधी झालं, किती जणींच्या बाबतीत झालं, हे तिनं आजवर मोजलं नव्हतं. मोजण्यासारखं त्यात काही आहे असंच तिला वाटलं नव्हतं. वाढदिवसाला पप्पा केकवर एकच मेणबत्ती लावायचे. आई गेल्यापासून एकच.

आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्याच वर्षी उदगीरचा एक कंपाउंडर, देवदान नावाचा, त्याच्या आईला घेऊन तिला बघायला आला होता. त्यानं केकचे दोन तुकडे खाल्ले होते आणि तिसरा घेऊ का नको अशा विचारात बशीकडं बघत बसला होता, एवढंच तिला आठवत होतं. चेहरा आठवत नव्हता, बशीवरची बोटं आठवत होती. पप्पा म्हणाले होते, अजून लहान आहे, वर्षभरानं बघू. आई दाराआड उभी होती, तिनं नुसता उसासा सोडला. पुढं चार महिन्यांत आई तापानं गेली, आणि ते वर्ष संपलंच नाही. पप्पांनी ते संपू दिलं नाही, की तिनं? त्या दुपारी सुई हातात धरून तिनं स्वतःला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला. आईचा आवाज तिला आठवायला लागला. रझाकाराच्या साली तू सहा महिन्यांची होतीस, आई सांगायची, उदगीरकडच्या खेड्यातनं आम्ही पळालो, ज्वारीच्या रानात दोन रात्री बसून राहिलो, आणि तू रडू नयेस म्हणून तुझ्या तोंडात मी लुगड्याचा पदर कोंबला होता. ही गोष्ट तिनं शंभरदा ऐकली होती. तिच्यातून एक साधी वजाबाकी निघते हे मात्र तिला कधी सुचलं नव्हतं. तिनं ती केली. चौऱ्याऐंशीतून अठ्ठेचाळीस, बोटांवर केली, कारण मनातल्या आकड्यावर भरवसा नव्हता. छत्तीस. तिनं ओठ मिटूनच तो शब्द तोंडात म्हणून पाहिला, आणि जिभेला तो मोठा लागला, तोंडात मावेना इतका.

मग तिनं कपाट उघडलं. घाबरून नव्हे, बघावंसं वाटलं म्हणून. लग्नासाठी म्हणून शिवून ठेवलेले टेबलक्लॉथ, अभ्रे, रुमाल, बाळाची टोपडी, थरावर थर, मध्ये कडुनिंबाचा पाला. सतरा वर्षं रोज किमान तीन तास. एवढा दोरा आपल्या बोटांतून गेला! सगळ्या जाळ्या उसवल्या तर दोरा कुठवर जाईल, औशापर्यंत, निलंग्यापर्यंत, की आई जिथून पळाली त्या गावापर्यंत? तिला त्या दोऱ्याचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी अंगावर काटा आला. हे सगळं मी केलं. हात माझा होता. एकोणीस वर्षांच्या मुलीला एवढं जमलंच नसतं, एवढा वेळच कुठून येणार तिच्याकडं? म्हणजे वर्षं गेली होती. कुठं हरवली नव्हती, इथं घड्या घालून ठेवलेली होती. तिनं तळातला एक रेशमी टेबलक्लॉथ ओढला, तिच्या विसाव्या, म्हणजे पप्पांच्या हिशेबानं एकोणिसाव्याच वर्षी काढलेला, आणि पुन्हा होता तसा ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "पाळकसाहेबांना चिठ्ठी देतो, ते कचेरीत कळवतील. तू जायचं काही कारण नाही." ती त्यांच्या बशीत चहा ओतत होती. "सही माझी लागते, पप्पा." "एकटी जाशील? गोलाईतून?" त्यांच्या आवाजात हुकूम कमी आणि भीती जास्त होती, आणि ही भीती नेहमीच अशी होती का, आपण तिला हुकूम समजत आलो का, हे तिला कळेना. ती म्हणाली, "हो." मास्तरांनी आत जाऊन स्वतः छत्री आणून दिली. तिच्याकडं घालायला फ्रॉकच होते, तेही नीट धुतलेले नव्हते, कारण कंपाउंडातली विहीर संक्रांतीलाच आटली होती. नळ आठव्या दिवशी, टँकर शनिवारी. भाताचं धुवण ती गुलाबाला घालायची, तरी गुलाब वाळून गेले होते. पांढऱ्या फ्रॉकचा रंग धुळीसारखा झाला होता, म्हणून तिनं कालचाच गुलाबी घातला, वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या, आणि मे महिन्याच्या उन्हात कंपाउंडाच्या फाटकाबाहेर पाय ठेवला.

गोलाई तिनं रिक्षातून पाहिली होती, पप्पांच्या शेजारी बसून, पडद्याच्या फटीतून. चालत कधी गेली नव्हती. तिथं पोचल्यावर ती थांबलीच. मधोमध देवीचं देऊळ, भोवती गोल दुकानं, आणि त्या गोलातून सगळ्या बाजूंनी रस्ते सुटलेले, कापडाचा, सराफांचा, भुसाराचा, भांड्यांचा. तिनं मोजायला सुरुवात केली, अकरावर चुकली, पुन्हा मोजले. सोळा. प्रत्येक रस्त्यावर माणसं. खेड्यांतून आलेली, डोक्यावर बोचकी, काखेत लेकरं, हातात रिकामे डबे. बैलगाडीवर पाण्याचं पिंप ठेवून कुणी ओरडत चाललं होतं. दुकानाच्या पायरीवर तीन माणसं झोपली होती. एक माणूस तिच्याकडं बघून थबकला, दोन पोरी हसल्या, एक म्हातारी "सर्कशीतली हाय का काय" म्हणाली. तिला राग आला नाही. तिचं लक्षच नव्हतं. एवढी माणसं रोज इथं असतात, काल होती, दहा वर्षांपूर्वी होती, मी क्रोशाचा गुलाब विणत होते तेव्हाही हे सोळा रस्ते असेच चालू होते, हे तिच्या डोक्यात मावेना. ऊन डोक्यावर आलं होतं. छत्री उघडायची ती विसरली होती. देवळाचा कळस आधी दोन झाला, मग पांढरा झाला, आणि कुणीतरी तिला दंडाला धरून ओढलं.

"बस हितं. खाली बस, माय. मुंडी गुडघ्यात घाल." बंद दुकानाच्या फळीखाली हातभर सावली होती, तिथं एक बाई शेळी घेऊन बसली होती. तिनं चंबूतलं पाणी तिच्या तोंडाला लावलं. दोन घोट पोटात गेल्यावर तबीथाला आठवलं की हा दुष्काळ आहे आणि हे दुसऱ्याचं पाणी आहे. तिनं चंबू बाजूला केला. "पी की," बाई म्हणाली, "चारा न्हाई म्हणून शेळी इकायला आणली, पर पानी पाजायला काय जातंय." बाईचं नाव कस्तुराबाई, गाव औशाच्या पलीकडं. काळी, वाळलेली, टाचांना भेगा, समोरचे दोन दात गेलेले, हाताची कातडी जुन्या चपलेसारखी. मांडीवर एक नागडं पोर झोपलं होतं. तिनं तबीथाचा फ्रॉक न्याहाळला, बाहीची लेस दोन बोटांत धरली. "हे कुटं घेतलं?" "मी केलंय." "हातानं?" "हो." कस्तुराबाईनं लेस डोळ्यांजवळ नेली, टाका शोधला, सापडेना तशी हसली. "आगं माय माय माय! हे तर कोळ्यालाबी जमायचं न्हाई." आणि ती त्या लेसकडं अशी बघत राहिली की तबीथानं दंड आणखी पुढं केला. भगिनी मंडळातल्या बायका छान म्हणायच्या, पण असं कुणी पाहिलं नव्हतं.

"कुणाची गं तू?" "शांतवन मास्तरांची." "मालकाचं नाव न्हाई इचारत, कुळाचं इचारते." "ते माझे वडील आहेत. मालक नाहीत." "गेले?" "झालेच नाहीत." कस्तुराबाईनं तबीथाचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "लोन्यावानी हात. उमर काय म्हनायची तुजी?" याच प्रश्नाचं उत्तर द्यायला ती निघाली होती, आणि तो इथं, शेळीच्या शेजारी, विचारला गेला होता. "रझाकाराच्या साली मी सहा महिन्यांची होते," ती म्हणाली. कस्तुराबाईनं तिचा हात घट्ट धरला. "खरं? आगं, मग मपल्या बरोबरीची की! मीबी त्याच सालची. माय मला घेऊन ज्वारीत लपली व्हती." "माझी आईपण." "कुटं?" "उदगीरकडं." "आमीबी तिकडंच व्हतो, माहेर तिकडं." दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. एकाच वर्षी, कदाचित एकाच रानात, दोन बाया दोन लेकरांच्या तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या, आणि ती दोन लेकरं ही अशी, एका फळीखाली. सात बाळंतपणं, कस्तुराबाई सांगत होती, दोन गेले, पाच हायेत, हा थोरलीचा पोरगा. नवरा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडतो, मीबी फोडते. बाहत्तरच्या दुष्काळात मला चार लेकरं व्हती. ती सांगत होती आणि तबीथा तिच्या तोंडाकडं बघत होती, त्या सुरकुत्यांकडं, गेलेल्या दातांकडं, आणि तिला दया येत नव्हती. एका माणसाच्या छत्तीस वर्षांत एवढं मावतं, हे बघून ती थक्क झाली होती. आणि कस्तुराबाईही तशीच थक्क होऊन तिच्याकडं बघत होती. मग ती सावकाश म्हणाली, कुत्सितपणे नव्हे, शेजारणीनं सांगावं तसं, "नवी कोरी हायस गं तू. पेटीतल्या लुगड्यावानी. पर लुगडं नुसतं पेटीत ठिवलं ना माय, तरीबी फाटतं. घडीवर फाटतं." शेळी ओरडली. पोर जागं झालं. तबीथानं वेणीची एक रिबीन सोडून त्या पोराच्या मनगटाला बांधली, कारण तिच्याजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं, आणि ती उठली. "सावलीसावलीनं जा," कस्तुराबाई म्हणाली. "आन् ती छत्री उघड की, येडे."

कचेरीत पंखा बंद होता. सिद्धेश्वरनं तिला पाहिलं तसा उठून त्यानं स्वतःची खुर्ची दिली. एक वेणी सुटलेली, फ्रॉकला धूळ, तोंड लाल. त्यानं रजिस्टर उघडलं आणि काही न विचारता पेन धरून थांबला. "छत्तीस," ती म्हणाली. आवाज पाहुण्यांपुढचा नव्हता, त्याहून खालचा, जाड होता. तो कुठून आला म्हणून तिनंच दचकून बघितलं. सिद्धेश्वरनं आकडा लिहिला आणि रजिस्टर तिच्याकडं फिरवलं. तिनं सही केली. तबीथा शांतवन. ही सही तिनं याआधी एकदाच केली होती, मॅट्रिकच्या फॉर्मवर. "बेबीताई," तो हळूच म्हणाला, "त्यो केक लई भारी व्हता. घरी सांगितलं तर माय म्हणाली, किरिस्तावाचं खाल्लास का? मी न्हाई म्हणून सांगितलं." तो हसला, आणि तीही हसली, एवढ्या जोरात की पलीकडच्या टेबलावरच्या माणसानं मान वर केली.

ती घरी आली तेव्हा मास्तर ओसरीवरच होते. दुपारी जेवले नव्हते. ताट झाकलेलं तसंच होतं. "काय लिहिलं?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. ती त्यांच्यासमोर खालीच बसली आणि वाट पाहू लागली, ते शास्त्रातलं काही म्हणतील, बापाचा मान म्हणतील, किंवा नेहमीसारखं डोळे मिटून प्रार्थनेला लागतील. त्यांचे ओठ हलत होते. ते प्रार्थना करत नव्हते, फळ्यापुढं उभं राहून आकडेमोड करताना हलायचे तसे हलत होते. "सतरा," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे सालोमीला, तुझ्या आईला, जाऊन सतरा वर्षं झाली." "हो, पप्पा." "मी तिच्या कबरीवर दगड बसवला नाही. मंडळीतले लोक म्हणायचे बसवा, मी म्हणायचो, बघू. दगडावर तारीख घालावी लागते." ते थांबले. "तू मोठी झाली असतीस तर ती गेलेली असती." त्यांनी आपले हात पुढं धरले, उलटे केले, सुलटे केले, आणि तिच्या डोळ्यांदेखत तिचा बाप म्हातारा झाला. गालफडं आत गेली, मान बारीक झाली, डोळ्यांचे कोपरे ओले झाले. खरं तर तो कधीचाच म्हातारा होता, आज तिला दिसला. "मग मी किती?" त्यांनी विचारलं. "चौऱ्याहत्तर." "बाप रे," मास्तर म्हणाले, लहान मुलानं म्हणावं तसं.

तिला त्यांचा राग आला. राग खरा होता, पोटातून आला, सतरा वर्षांचा. ती सतरा वर्षं कुणी विचारून घेतली नव्हती. आणि त्या रागाच्या शेजारीच त्यांच्यावरची माया बसलेली होती, हलत नव्हती. दोन्ही एकाच जागी कशी राहू शकतात, एवढ्याशा छातीत, याचं तिला नवल वाटत राहिलं. "बेबी," मास्तर म्हणाले, मग थांबून दुसऱ्यांदा, जपून, "तबीथा. तो उदगीरचा मुलगा. तुझ्या मनात होता का?" "मला माहीत नाही, पप्पा. मला कुणी विचारलं नव्हतं." "मी आता विचारतो." "आता तर त्याचा चेहराही आठवत नाही." तिनं झाकलेलं ताट त्यांच्यापुढं सरकवलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, हातात धरला, खाल्ला नाही. "मग आता तू काय करशील?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजातून कळत होतं की उत्तर त्यांना खरोखरच ठाऊक नाही, आणि तिनं सांगितल्याशिवाय ते कळणारही नाही.

तिनं बाहेर पाहिलं. ऊन उतरत होतं, अंगणातली माती पांढरीफटक होती, फाटक तिनं येताना लावलं नव्हतं ते उघडंच होतं. "उद्या टँकर येईल, तर पाणी भरते," ती म्हणाली. "परवाचं अजून काही ठरवलं नाही."